भाकीत खरे ठरते, तरी कर्ज का वाढते?

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा टेनिसच्या सामन्यांवरील सट्टा आणि त्या सट्ट्यासाठी दिली जाणारी भाकिते, असा विषय मी सांगितला. ते क्षणभर गप्प राहिले. महागाई, बेकारी आणि शेतमालाचे भाव यांवर आयुष्यभर बोलत आलेल्या माणसाने निवृत्तीनंतर टेनिसवर बोलावे, हे त्यांना विचित्र वाटले असणार. टेनिस हा आपल्याकडे जिमखान्यातला खेळ. मागावर किंवा शेतावर राबणाऱ्या माणसाचा त्याच्याशी संबंध काय? दोन वर्षांपूर्वीपर्यंत मलाही असेच वाटत होते.

इचलकरंजीत माझा एक जुना विद्यार्थी आहे. संख्याशास्त्राच्या पेपरात तो वर्गात पहिला येत असे. पुढे त्याने घरचे माग सांभाळले. एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला, बराच वेळ इकडचे तिकडचे बोलला आणि अखेर पिशवीतून एक वही काढून त्याने माझ्यापुढे ठेवली. वहीत तारीखवार नोंदी होत्या: दोन खेळाडूंची नावे, स्पर्धेचे गाव, कोण जिंकणार याचे भाकीत, भाव, लावलेली रक्कम आणि निकाल. तो म्हणाला, "सर, हे १०० सामने आहेत. यांतली ७५ भाकिते बरोबर आली आहेत. तरी माझ्या डोक्यावर पतपेढीचे कर्ज आहे आणि दोन माग विकून झाले आहेत. माझे गणित कुठे चुकते, तेवढे सांगा."

त्याने पैसे मागितले नाहीत, की सहानुभूती मागितली नाही. विद्यार्थ्याने शिक्षकापुढे उदाहरण ठेवावे, तसा त्याने आपला संसार माझ्यापुढे ठेवला. त्या उदाहरणाची उकल मी त्याच्या परवानगीने आज आपल्यापुढे मांडणार आहे. कारण ही वही एकट्या त्याची नाही, हे मला नंतर कळले. आपल्यापैकी पुष्कळांच्या गल्लीत, कदाचित घरातही, अशी एखादी वही असेल. पुष्कळदा ती वही नसून मोबाइल असतो, एवढाच फरक.

प्रथम भाव म्हणजे काय, ते पाहू. सट्ट्याच्या बाजारात सामन्यातील दोन्ही खेळाडूंना भाव लावलेला असतो. भाव १.२५ असेल, तर १०० रुपये लावल्यावर आणि तो खेळाडू जिंकल्यावर मुद्दल धरून १२५ रुपये परत मिळतात. हरला, तर १०० रुपये गेले. अशा सामन्यात प्रतिस्पर्ध्याचा भाव समजा ३.८० आहे. आता एकाला भावाने भागले, की त्या भावात गृहीत धरलेली विजयाची शक्यता निघते. १ भागिले १.२५ म्हणजे ८० टक्के. १ भागिले ३.८० म्हणजे सुमारे २६.३ टक्के. दोहोंची बेरीज १०६.३ येते. वस्तुतः दोघांपैकी एक जण जिंकणार आणि एकच जिंकणार. तेव्हा बेरीज १०० यावयास हवी. वरचे हे ६.३ कोठून आले? बुकीचा नफा दडला आहे तो येथे. किराणा दुकानदाराने तागडीला खालून चुंबक लावावे, तसा हा प्रकार आहे. फरक एवढाच, की दुकानदाराने असे केले तर तो गुन्हा ठरतो, आणि येथे हा धंद्याचा नियम मानला जातो.

हा जादा भाग त्याच प्रमाणात काढून टाकला, तर त्या वरचढ खेळाडूची शक्यता ८० नव्हे, तर सुमारे ७५ टक्के भरते. आता माझ्या विद्यार्थ्याच्या वहीकडे वळा. प्रत्येक सामन्यात १०० रुपये, असे १०० सामन्यांत त्याने १०,००० रुपये लावले असे धरू. ७५ वेळा भाकीत खरे ठरले. प्रत्येक वेळी १२५ प्रमाणे हाती आले ९,३७५ रुपये. म्हणजे चारांतील तीन भाकिते अचूक येऊनही ६२५ रुपये गेले. भाकीत ८० वेळा खरे ठरले असते, तेव्हा कोठे तो ना नफा ना तोटा या रेषेवर उभा राहिला असता. त्याचे गणित चुकले नव्हते. त्याचा प्रश्न चुकला होता. "कोण जिंकेल?" हा प्रश्न तो सोडवीत होता. बाजार मात्र वेगळाच प्रश्न विचारीत होता: "लावलेल्या भावाच्या मानाने तो किती वेळा जिंकेल?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर देऊनही दुसऱ्या प्रश्नात माणूस बुडतो. भाकीत सांगणारे सर्व जण पहिल्याच प्रश्नाचे उत्तर देतात, आणि म्हणूनच त्यांची उत्तरे वरवर बरोबर दिसतात.

ती बरोबर का दिसतात, याचे कारण टेनिसच्या रचनेत आहे. गुणांचा गेम होतो, गेमचा सेट आणि सेटचा सामना. या पायऱ्यांवर लहानसा फरक वाढत जातो. समजा, एक खेळाडू प्रत्येक १०० गुणांपैकी ५५ जिंकतो आणि त्याचा प्रतिस्पर्धी ४५. फरक तसा थोडा. परंतु प्रत्येक गुण स्वतंत्र धरून हिशेब केला, तर तो गेम १०० पैकी ६२ वेळा जिंकेल, सेट सुमारे ८१ वेळा, आणि तीन सेटांचा सामना सुमारे ९१ वेळा. पाच सेटांचा असेल तर ९५ वेळा. म्हणून टेनिसमध्ये वरचढ खेळाडू बहुधा जिंकतो. हे सांगण्यासाठी ज्योतिषी लागत नाही. जागतिक क्रमवारीचा तक्ता पुरतो. भाकीतकार आपल्याला क्रमवारी सांगतो, दोघांतील पूर्वीच्या लढती सांगतो, मैदान मातीचे की हिरवळीचे ते सांगतो, गेल्या महिन्यातील निकाल सांगतो आणि शेवटी एक नाव सांगतो. यातील प्रत्येक गोष्ट बुकीला आपल्याआधी ठाऊक असते आणि ती भावात उतरलेली असते. जी माहिती सर्वांजवळ आहे, तिच्यावर नफा मिळत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातले तत्त्व आहे.

आता कोणी विचारील, की सट्ट्यात जिंकणारा कोणीच नसतो काय? असतात. मोठी संगणकयंत्रणा आणि मोठे भांडवल जवळ असणारे थोडे लोक बुकीच्या भावातील चुका शोधून काढतात. परंतु सातत्याने जिंकणाऱ्याच्या रकमेवर अनेक बुकी मर्यादा घालतात किंवा त्याचे खातेच बंद करतात. हरणाऱ्यास मात्र सवलती, बक्षिसे आणि आपुलकीचे संदेश मिळतात. ज्या बाजारात जिंकणाऱ्या ग्राहकास दार दाखविले जाते आणि हरणाऱ्यास पायघड्या घातल्या जातात, त्या बाजाराला स्पर्धेचा बाजार कसे म्हणावे?

भाकीत विकणाऱ्यांची आणखी एक युक्ती आपण जाणून घेतली पाहिजे. समजा, एखाद्याने १,०२४ लोकांना एका सामन्याचे भाकीत पाठविले. निम्म्यांना सांगितले 'अ' जिंकेल, निम्म्यांना 'ब'. सामना संपला, की चुकीचे भाकीत गेलेल्यांना त्याने सोडून दिले. उरलेल्या ५१२ जणांना पुढच्या सामन्याचे भाकीत पुन्हा तसेच विभागून पाठविले. पाच सामन्यांनंतर असे ३२ लोक उरतात, ज्यांनी या माणसाची पाचही भाकिते ओळीने खरी होताना पाहिली आहेत. त्यांच्या दृष्टीने तो सिद्धपुरुषच. या ३२ जणांकडून तो सहाव्या भाकिताचे पैसे मागतो. या व्यवहारात टेनिसचे ज्ञान औषधालाही लागत नाही. भाकीत फुकट देणारा तरी परोपकारी असतो काय? सट्ट्याच्या कंपन्या गिऱ्हाईक आणून देणाऱ्यास दलाली देतात, आणि पुष्कळदा ही दलाली त्या गिऱ्हाइकाने हरलेल्या रकमेचा हिस्सा असते. म्हणजे जो आपल्याला जिंकण्याचा मार्ग सांगतो आहे, त्याची कमाई आपल्या हरण्यावर अवलंबून असते. रोग्याच्या मृत्यूवर ज्याचे वेतन ठरते, अशा वैद्याकडे आपण जाऊ काय?

आतापर्यंत मी सामन्याच्या आधीच्या सट्ट्याविषयी बोललो. खरा फास त्याच्या पुढे आहे. सामना चालू असताना प्रत्येक गेमवर, प्रत्येक गुणावर भाव बदलतात आणि पैसे लावता येतात. टेनिसमध्ये दोन गुणांच्या मध्ये काही सेकंद थांबा असतो, दर दोन गेमनंतर बाजू बदलण्यासाठी खेळ थांबतो. खेळाची ही लय सट्ट्याला अगदी सोयीची पडली आहे. येथे बुकीचा वाटा प्रत्येक डावावर नव्याने कापला जातो. समबळ खेळाडूंना दोन्हीकडे १.९० भाव असेल, तर दर १०० रुपयांमागे सरासरी ५ रुपये बुकीकडे जातात. ५ टक्के ही रक्कम क्षुल्लक वाटते. परंतु १,००० रुपये घेऊन बसलेल्या माणसाने हाती उरलेली सर्व रक्कम २० वेळा फिरविली, तर सरासरीच्या हिशेबाने त्याच्याजवळ ३५८ रुपये उरतात. ५० वेळा फिरविली, तर ७७. सावकारी व्याज वर्षाला मोजतात, हे मिनिटाला कापले जाते. आणि हरलेला माणूस गमावलेले परत मिळविण्यासाठी रक्कम वाढवितो. माझ्या विद्यार्थ्याच्या वहीत पहिल्या पानावर ५०० रुपयांचे आकडे होते, शेवटच्या पानावर २०,००० चे. माग गेले ते या वाढीत.

येथवर मी सामना प्रामाणिकपणे खेळला जातो, असे गृहीत धरले. ते गृहीतही तपासले पाहिजे. २००७ च्या ऑगस्टमध्ये पोलंडमधील सोपोत या गावी एका स्पर्धेत निकोलाय दाविदेन्को आणि मार्तिन व्हासालो आर्ग्युएलो यांचा सामना झाला. दाविदेन्को तेव्हा जगात चौथा होता, अर्जेंटिनाचा आर्ग्युएलो ८७ वा. कोणत्याही भाकीतकाराने डोळे मिटून दाविदेन्कोचे नाव सांगितले असते. परंतु पैसा उलट दिशेने वाहत होता. दाविदेन्कोने पहिला सेट ६-२ असा जिंकला, तरीही बाजार आर्ग्युएलोलाच विजयी धरीत राहिला. दुसरा सेट दाविदेन्को हरला आणि तिसऱ्या सेटमध्ये पायाच्या दुखापतीमुळे त्याने सामना सोडला. बेटफेअर या ब्रिटिश सट्टाकंपनीकडे या एका साध्या सामन्यावर सुमारे ३४ लाख पौंडांचे व्यवहार झाले होते. नेहमीच्या मानाने ही रक्कम सुमारे दहापट होती. कंपनीने सर्व व्यवहार रद्द केले. वर्षभराहून अधिक काळ चौकशी चालली आणि २००८ च्या सप्टेंबरमध्ये दोन्ही खेळाडूंनी नियमभंग केल्याचा कोणताही पुरावा नाही, असा निर्णय जाहीर झाला. तो निर्णय आपण मानला पाहिजे. कोणाही खेळाडूवर संशयाची चिखलफेक करणे हा माझा हेतू नाही. मला दाखवायचे आहे ते एवढेच, की उघड माहितीवर भाकीत रचणारा सामान्य माणूस ज्या टेबलावर बसतो, त्याच टेबलावर त्याच्याहून अधिक काही जाणणारे, किंवा जाणतो असे समजणारे, लोक बसलेले असू शकतात. पत्ते त्याला दिसत नाहीत. पैसे मात्र त्याचेच जातात.

या प्रकरणानंतर टेनिसच्या संघटनांनी २००८ मध्ये सचोटीविषयक स्वतंत्र विभाग स्थापन केला. पुढे २०१६ च्या जानेवारीत बीबीसी आणि बझफीड यांनी सामनेनिश्चितीविषयी वृत्तान्त प्रसिद्ध केले, तेव्हा एका स्वतंत्र समितीकडे हा विषय सोपविण्यात आला. अॅडम लुईस या ब्रिटिश विधिज्ञांच्या अध्यक्षतेखालील या समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला. आपल्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. कारण त्याने व्यक्तीच्या नीतीपाशी न थांबता व्यवस्थेच्या अर्थकारणाला हात घातला. समितीने ३,२०० हून अधिक खेळाडूंना प्रश्न विचारले. त्यांपैकी ४६४ जणांनी, म्हणजे सुमारे १४.५ टक्क्यांनी, सामनेनिश्चितीची आपणास प्रत्यक्ष माहिती आहे, असे सांगितले. आणि हा रोग विम्बल्डनच्या हिरवळीवर नव्हे, तर खालच्या पातळीवरील स्पर्धांत सर्वाधिक आढळला.

खालच्या पातळीवरच का? समितीच्या म्हणण्याप्रमाणे व्यावसायिक म्हणवणारे खेळाडू सुमारे १५,००० होते. त्यांपैकी आपला खर्च तरी भरून निघावा इतके मिळविणारे फक्त २५० ते ३५० होते. ज्या स्पर्धेचे एकूण बक्षीस १५,००० डॉलर असे, तेथे पहिल्या फेरीत हरणाऱ्याच्या हाती अनेक वर्षे दीडशे डॉलरच्या आसपास रक्कम पडत असे. एवढ्यात त्याने विमानाचे तिकीट काढायचे, खोली घ्यायची, रॅकेटच्या तारा बदलायच्या आणि प्रशिक्षकाला पैसे द्यायचे. आपल्याच देशातले उदाहरण घ्या. सुमित नागल हा एकेरीत भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू असताना, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये, आपल्या बँकखात्यात केवळ ९०० युरो उरले आहेत, असे त्याने उघडपणे सांगितले. त्या परिस्थितीतही तो खेळत राहिला आणि २०२४ च्या जानेवारीत मेलबर्नला त्याने अलेक्झांडर बुब्लिक या मानांकित खेळाडूला हरविले. ही प्रामाणिक कष्टाची कथा आहे. परंतु देशातल्या पहिल्या खेळाडूची ही स्थिती असेल, तर पाचशेव्या किंवा आठशेव्या क्रमांकावरील तरुणाची कशी असेल, याचा विचार करा. त्याला कोणी संदेश पाठवितो: सामना हरू नकोस, फक्त दुसऱ्या सेटमधला एक गेम सोड, तुझ्या महिन्याच्या खर्चाची सोय होईल. बेल्जियममध्ये अशीच साखळी चालविणाऱ्या एका सूत्रधाराला २०२३ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या जाळ्यात १८० हून अधिक खेळाडू सापडल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते.

आता यातील सर्वांत विलक्षण गोष्ट ऐका. या लहान स्पर्धांकडे पूर्वी बुकी फिरकतही नसत, कारण तेथील गुणांची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचत नसे. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने स्पोर्टरडार या कंपनीशी करार केला आणि खालच्या पातळीवरील सामन्यांचा क्षणाक्षणाचा गुणफलक विकण्यास सुरुवात झाली. पंच खुर्चीवर बसून हातातील यंत्रावर गुण नोंदवितो आणि तो आकडा जगभरच्या सट्टाबाजारात जातो. २०१५ मध्ये हा करार पाच वर्षांसाठी सुमारे ७ कोटी डॉलरला पुढे चालू ठेवल्याचे वृत्त होते. खेळाडूच्या श्रमातून निर्माण झालेला एक नवाच माल बाजारात आला. त्याच्या प्रत्येक सर्व्हिसवर परक्या देशांत पैसा फिरू लागला. त्याच्या पदरात मात्र तेच दीडशे डॉलर पडत राहिले, आणि वर हरल्यावर सट्टेबाजांच्या शिव्या आणि धमक्याही पडू लागल्या. १५,००० डॉलरच्या स्पर्धांची ही विक्री थांबवावी आणि सट्टाकंपन्यांचे प्रायोजकत्व खेळातून हद्दपार करावे, अशी समितीने शिफारस केली होती. ती नीतिवाक्य म्हणून केलेली नव्हती. जेथे मजुरी पोटापुरती नाही आणि त्या मजुरीवर सट्टा मात्र अमाप, तेथे लाच अपवाद राहत नाही, हे त्यामागील साधे अर्थशास्त्र होते.

माझ्या विद्यार्थ्याच्या वहीत एका गावाचे नाव वारंवार येत होते: मोनास्तिर. हे ट्युनिशियातील समुद्रकाठचे गाव. तेथे वर्षभर या सर्वांत खालच्या पातळीच्या स्पर्धा भरत असतात. मैदानावर दोन खेळाडू, एक पंच आणि मोजके प्रेक्षक. इचलकरंजीत मागावर बसलेला माणूस त्या खेळाडूंवर दोन माग हरला, आणि त्या खेळाडूंना परतीच्या तिकिटाची भ्रांत. दोघेही एकमेकांना कधी भेटणार नाहीत. दोघांच्या मध्ये जे बसले आहेत, त्यांचा मात्र कोणत्याही निकालात तोटा नाही.

मित्रहो, महाराष्ट्राला हे चित्र अगदी नवे नाही. मुंबईत मटक्याचा आरंभ कसा झाला, ते आठवा. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडते आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईला येत, आणि त्या आकड्यांवर गिरणीकामगार आपली हप्त्याची मजुरी लावीत. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या आणि पुढे पत्ते काढून आकडे जाहीर होऊ लागले. त्याही काळी स्वप्नावरून आकडा सांगणारे होते, 'पक्की टीप' विकणारे होते. फरक असा, की मटक्याचा आकडा केवळ दैवाचा आहे, हे खेळणाऱ्यास मनातून ठाऊक असे. टेनिसच्या भाकिताने दैवाला अभ्यासाचा अंगरखा चढविला आहे. तक्ते, टक्केवारी, आलेख! म्हणून अंधश्रद्धेला हसणारा शिकलेला तरुण त्यात फसतो. माझा विद्यार्थी संख्याशास्त्रात पहिला होता म्हणून वाचला नाही. उलट, संख्याशास्त्र येते या विश्वासापायी तो अधिक खोल गेला.

कायद्याविषयी दोन शब्द. १८६७ चा सार्वजनिक जुगारविषयक कायदा आणि आपल्याकडील १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा, हे दोन्ही जुगाराचा अड्डा म्हणजे चार भिंतींचे घर, या कल्पनेवर उभे होते. आता अड्डा खिशात आला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. असा खेळ चालविणारा, त्याची जाहिरात करणारा आणि त्यासाठी पैशाचे व्यवहार करून देणारा, यांना त्यात शिक्षा आहे; या केंद्रीय कायद्याने खेळणाऱ्यास मात्र शिक्षा ठेवलेली नाही. ही दृष्टी मला योग्य वाटते. परंतु परदेशातून चालणारी संकेतस्थळे नावे बदलून येत राहतात, आणि भाकितांचे लेख तर 'खेळाची चर्चा' या नावाखाली उघडपणे वावरतात. जे लिखाण वाचकाला अखेरीस पैसे लावण्याच्या दारापर्यंत नेऊन सोडते, ते चर्चा नसून जाहिरात आहे, आणि तिला जाहिरातीचाच नियम लावला पाहिजे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. त्याचबरोबर खेळाडूच्या बाजूची मागणीही विसरता कामा नये: जो महासंघ त्याच्या खेळाचा गुणफलक विकतो, त्याने निदान त्याचा प्रवास आणि राहणे यांचा खर्च भागेल एवढा वाटा त्याला दिलाच पाहिजे.

परंतु कायदा होईपर्यंत आणि झाल्यानंतरही कार्यकर्त्याचे काम उरतेच. ते कसे करावे, हे मी त्या विद्यार्थ्यापासून शिकलो. तो माझ्याकडे येण्यापूर्वी वर्षभर सगळ्यांपासून लपवीत होता. वडिलांना कळले तर काय म्हणतील, बायकोला कसे तोंड दाखवू, या भीतीने तो आणखी एक डाव लावी. कारण जिंकला तर सांगावेच लागणार नव्हते. म्हणजे लाज ही त्याला आवरीत नव्हती, पुढे ढकलीत होती. आपण जाऊन त्याला व्यसनी म्हटले, नीतीचे चार श्लोक ऐकविले, तर ती लाज वाढेल आणि बुकीचे काम सोपे होईल. तेव्हा उपदेश करू नका. वही मागा. वही नसेल तर मोबाइलमधील व्यवहार एका कागदावर तारीखवार उतरवून काढा. किती भरले, किती परत आले, फरक किती, एवढ्या तीनच रकान्यांचा हिशेब त्याच्या शेजारी बसून, त्याच्याच हाताने करून घ्या. १.२५ आणि ३.८० यांची बेरीज फळ्यावर मांडून दाखवा. कर्ज घरच्या माणसांसमोर आणा आणि पतपेढीकडून हप्ते बांधून घेण्यास त्याच्याबरोबर स्वतः जा. रात्र काढणे कठीण झाले आहे असे दिसले, तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी दूरध्वनी आहे. २०२२ पासून तो चालू आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. हा क्रमांक प्रत्येकाने पाठ करावा.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून हिशेब पुरा केला, तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. शेवटची बेरीज त्यानेच केली. बराच वेळ तो त्या आकड्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, मी हे पहिल्या महिन्यातच काढू शकलो असतो. मला येत होते." मी त्याला म्हटले, "येत होते. पण तुला एकट्याला बसून ते करायचे नव्हते." दोन माग गेले ते गेले. उरलेल्या दोन मागांवर तो आज कर्ज फेडतो आहे. अजून तीन वर्षांचे हप्ते आहेत. मध्ये एकदा त्याचा पाय पुन्हा घसरला, तेही त्याने स्वतः येऊन सांगितले, आणि आम्ही पुन्हा वही उघडली.

उद्या कोणी आपल्याला अमुक सामन्यात अमुक खेळाडू जिंकणार, असे छातीठोकपणे सांगेल. तो खेळाडू कदाचित जिंकेलही. आपण त्याच्याशी त्या सामन्याविषयी वाद घालू नये. त्याला एवढेच विचारावे, की तुझे भाकीत खरे ठरले तर पैसे कोणाला मिळतात, आणि खोटे ठरले तर कोणाला मिळतात? दोन्ही वेळा उत्तर एकच येत असेल, तर पुढचे बोलणे टेनिसविषयी उरत नाही.